इंदापूरच्या बाजारातली तुझी जागा

आई, आज वर्गात पुन्हा तुला चुकीचं ठरवलं. फळ्यावर दरवर्षीचेच तीन ठिपके काढले: सणसर, बारामती, इंदापूर. गाव जितकं मोठं तितकी त्याची ओढ जास्त, आणि अंतर वाढेल तशी ती कमी, हे सूत्र मी इतकी वर्षं शिकवतेय की बोलताना माझं मलाच ऐकू येत नाही. सणसरची भाजी बारामतीला जाणार, कारण बारामती मोठी आणि जवळही. मुलांनी उतरवून घेतलं. मी मात्र खडू धरून उभीच राहिले, कारण आपली भाजी जायची इंदापूरला.

अजून डोळ्यांपुढे येतं: मेथीच्या जुड्या ओल्या फडक्यात बांधून तू एसटीला निघाली आहेस. आप्पा दारातून करवादतात, "बारामती हितं हाकंवर, भाव बी बरा, आन् ही चालली इंदापूरला!" तू पदर खोचत म्हणतेस, "आसू द्या भाव. माझी भन बसती तितं." मावशी निरवांगीहून वांगी घेऊन यायची. लग्नानं दोघींची दोन गावं झाली होती. आठवड्यातून एकदा तुम्ही एका पोत्यावर शेजारी बसायच्या. समोर गिऱ्हाईक ताटकळायचं आणि तुमचं बोलणं काही संपायचं नाही. मला तेव्हा भारी राग यायचा. आता वाटतं, तेवढंच तुझं माहेर उरलं होतं.

परवा मावशीचा फोन आला. गुडघे पार गेलेत, या आठवड्याचा बाजार शेवटचा, म्हणाली. "तुझ्या आयच्या जागंवर मी आजून कुणाला बसू दिलं न्हाय, बाय. एकडाव यिऊन बस की." मी "येते" म्हटलं आणि फोन ठेवून भांडी घासत राहिले. थकलेय गं मी. तू गेल्यापासून त्या बाजारात पाऊल टाकलेलं नाही. तास असतात, पेपर तपासायचे असतात, असं सगळ्यांना सांगते. मी राहते त्या बारामतीहून इंदापूर काही फार लांब नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

उद्या बाजार, रजा टाकली आहे. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. मावशी आता हुबेहूब तुझ्यासारखी दिसते, पदरही तसाच खोचते. शेजारी बसले की माझ्या तोंडून ‘मावशी’ निघणार नाही, ‘आई’ निघेल, आणि ती ओ देईल. मला त्याचीच भीती वाटते.