फाटक्या सायलेन्सरचा वाटा

मी, हिल्का मोइलानेन, वय चौऱ्याहत्तर, राहणार कूह्मो. डावा कान गेला असला तरी डोकं ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाशिवाय करते. दडपण आणायला माझ्याकडे येतं तरी कोण!

१. घर, वाफ घ्यायची सौना-खोली आणि होडी माझी भाची विर्पी हिला.

२. बचतीतून आधी माझं दफन करावं. कॉफी कडक हवी. आमच्या शिकारमंडळाचा प्रमुख, म्हणजे माझा धाकटा भाऊ तैस्तो, याने भाषण ठोकू नये. उरलेले पैसे विर्पीला.

३. रायफलही विर्पीलाच. तैस्तोने वर्षानुवर्षं मंडळात सायलेन्सर येऊ दिला नाही. "बंदूक गरजलीच पाहिजे, ताई!" गरजली, आणि माझा कान घेऊन गेली. पुढे सगळेच लावू लागले, तेव्हा स्वस्तात मिळाला म्हणून माझ्यासाठी एक घेऊन आला. त्याचे आटे माझ्या बंदुकीच्या नळीला जुळेनात, तर मध्ये जोडकडं घातलं.

"डळमळतंय रे," मी म्हटलं.

"कान गेला, आता हातालाही भास होतात का?"

त्या मेल्यावर मी विश्वास ठेवला. माझी कुत्री रिल्ला एका मूस हरणाला थोपवून भुंकत होती. मी झाडलेली गोळी सायलेन्सरचं तोंड फाडून तिरकी गेली आणि रिल्लाला लागली. तैस्तोने जोडकडं खिशात घातलं आणि मंडळाला सांगितलं, "म्हातारीने नीट आवळलाच नाही. हात कापतो तिचा." तेव्हापासून शिकारीत मला जागा नाही.

४. विर्पी, सायलेन्सर तुझा तू निवड. हलका घे, नळीवर थेट बसणारा. आटे जुळत नसतील तर बंदूकवाल्याकडून नळीला नवे पाडून घे, मध्ये कडं नको. सायलेन्सर बसवल्यावर बोल्ट काढून रिकाम्या नळीतून मागून बघ. उजेड गोल दिसला तर ठीक. चंद्रकोर दिसली तर गोळी भरू नकोस, मग आणून देणारा सख्खा बाप का असेना.

५. फाटका सायलेन्सर माझ्या कपाटात आहे. मांसाचे वाटे पडतात तेव्हा एकाने पाठ फिरवायची, दुसऱ्याने वाट्यावर हात ठेवून "हा कोणाचा?" विचारायचं, आणि पहिल्याने न बघता नाव घ्यायचं, ही आपली रीत. मी गेल्यानंतरच्या पहिल्या वाटपात हा सायलेन्सर शेवटचा वाटा म्हणून मांडावा. मात्र तैस्तोला पाठ फिरवू देऊ नये. विर्पीने त्याच्या डोळ्यांत बघून विचारावं, "बाबा, हा कोणाचा?"

त्याने स्वतःचं नाव घेतलं, तर त्याला माझ्या थडग्यावर येण्याची परवानगी आहे. नाहीतर नाही.

कूह्मो, ३ सप्टेंबर २०२४
सही: हिल्का मोइलानेन

साक्षीदार: केर्त्तू हाइक्किनेन, शेजारीण. ओस्मो पिर्तिनेन, निवृत्त टपालवाला, रिल्ला गेली त्या दिवशी मंडळात हजर.
आम्हा दोघांसमोर हिल्काने सही केली. तिचा हात कापला नाही.