दिवसा बल्ब बंद ठेवू देण्याबाबत

प्रति,
मा. सहाय्यक अभियंता साहेब,
वीज वितरण शाखा, सावरटेक,
ता. मेहकर, जि. बुलढाणा

विषय : आमचे मीटर तपासून वडिलांवरील चोरीचा संशय दूर करणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाची दि. ६ मे ची तपासणीची चिठ्ठी.

महोदय,

मी अर्पिता, यंदा दहावीत गेले. गेल्या एप्रिलला आमचे ११२ युनिट आले होते, यंदा ४१. यात चोरी नाही, मी आहे.

१) फेब्रुवारीत मी छताच्या टिनावर चुना मारला, आतून तुऱ्हाट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, ताट्या बांधल्या. ताट्या शेतातल्याच, चुना तेवढा विकतचा. मधल्या खोलीत पत्र्याला भोक पाडून पाण्याची बाटली बसवली, तिचाच उजेड पडतो. कूलर लावायची गरजच राहिली नाही, साहेब!

२) परंतु रीडिंग घेऊन जाताना वायरमन पुंजाजीभाऊ भर चौकात म्हणाले, "काऊन हो शेषराव, मीटर झोपवलं का?" सगळे हसले. सप्ताहाच्या मंडपाला सगळे आकडा टाकू म्हणत असताना रीतसर मीटर आणणारे माझे बाबाच होते. ते आता चौकातून जात नाहीत, मागच्या बोळीने जातात.

३) तेव्हापासून आईने युनिट वाढवायला घेतले आहेत. भर दुपारी चारही बल्ब चालू. मी बंद केले की ती लावते. म्हणते, "जळू दे पोरी! चोराची बायको नाई व्हायचं मले." काल तिने बकरीसमोर पंखा लावला. बकरीलाही तो नको होता, ती उठून गेली. मी दिवसभर बटणांमागे पळते आहे, अभ्यास कधी करू?

४) तरी आपण मीटर लवकर तपासावे आणि जे निघेल ते त्याच चौकात, तेवढ्याच मोठ्याने सांगावे. कागद आला तर बाबा घडी घालून खिशात ठेवतील, कोणाला दाखवणार नाहीत.

५) तपासणीला दुपारी दोनलाच यावे, म्हणजे घर किती थंड आहे ते कळेल. मात्र आईला आधी कळवू नये. नाहीतर ती आपल्यासाठी कूलरसुद्धा लावून ठेवेल.

आपली नम्र, आणि घाईत असलेली,
अर्पिता शेषराव म्हस्के
दि. १४ मे २०२५

सोबत : १) दोन्ही एप्रिलची बिले. २) तुऱ्हाटीचा तुकडा, नमुना म्हणून. ३) वडिलांची सही जोडलेली नाही. त्यांना हा अर्ज माहीत नाही.