उमाकांतने भरलेला हंडा

बसवनगुडी, बंगळूर
श्रावण, १९५४

आमच्या आरमारवाल्या उमाकांतास,

लढाईतलं पदक घेऊन आलास, कारखान्यात साहेब झालास, तरी रोज सकाळी मी कालचं शिळं पाणी ओतून टाकायला लागले की हंडा धरायचास. "अज्जी, राहू दे. मी पितो ते." गेल्या सोमवारी चार बायकांसमोर मी म्हटलं, "इतकी वर्षं समुद्रावर काढलीस, तरी पाण्याला हावरा तो हावराच." तू "सरी, बरं" म्हणालास, हंडा नळावरून भरून आणलास आणि मल्लेश्वरमला वेगळी खोली घेऊन राहायला गेलास.

काल तुझ्या जहाजावरचा नंदकिशोर आला होता. जहाज बुडाल्यावर अकरा दिवस तुम्ही होडीत होता म्हणे. माणशी दिवसाला दोन घोट पाणी. त्याला ताप होता म्हणून तुझ्यातला एक घोट तू त्याला पाजायचास. पदक मिळालं ते त्याबद्दल. आठ वर्षांत मला सांगितलं नाहीस. मी तरी कुठे विचारलं? शेजारणींना पदक दाखवण्यातच माझा वेळ गेला.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. माझं चुकलं असं लिहायला हात वळत नाही, आणि ते न लिहिता पाठवण्यात अर्थ नाही.

पण तो हंडा मी ओतलेला नाही. जन्मात शिळं पाणी प्यायले नव्हते, आज सकाळी भांडंभर प्यायले. पाण्यासारखंच होतं. आता रोज एक भांडं पिणार आहे. हंडा संपायच्या आत ये.

तुझी तोंडाळ अज्जी,
कृष्णाबाई