दर चाळीस सेकंदांनी

सोमवार, ४ तारीख
नवी खोली झकास आहे! तिसरा मजला, जाड भिंती, शेजारी कुणी नाही. आणि चैन म्हणजे भिंतीतलं उभं कपाट, माणूस स्टूल टाकून आत आरामात बसेल एवढं. आतून रजया ठोकल्या, झाला आपला स्टुडिओ. बाहेरून कडी होती, ती तेवढी स्क्रू काढून खिडकीतून फेकून दिली. घरमालकीणबाई निवृत्त नर्स आहेत. रजया ठोकताना बघून म्हणाल्या, कपड्यांना एवढी थंडी वाजते होय रे? मी हसलो. तीन महिन्यांनी हसलो असेन.

ती गेली त्याला तीन महिने झाले. तिचं शेवटचं गाणं माझ्याकडे आहे, माझ्याच जुन्या खोलीतल्या कपाटात रेकॉर्ड केलेलं. आता त्याचं मास्टरिंग, म्हणजे शेवटचा हात फिरवायचा. फोनवर लावा नाहीतर गाडीत, सगळीकडे नीट वाजलं पाहिजे. स्टुडिओवाल्याचा भाव ऐकून त्याच्याशी भांडून बाहेर पडलो. आपणच करू. कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा बाबांनी विचारलं होतं, जन्मात एक तरी गोष्ट पुरी करणार आहेस का? ही करणार. रविवारी काकू, म्हणजे तिची आई, गाणं न्यायला येणार आहेत.

बुधवार, ६
सॉफ्टवेअर फुकटातलं घेतलंय. त्यात एकच खोट. दर चाळीस सेकंदांनी दोन सेकंद आवाज गुल होतो. माणसाने वैतागून विकत घ्यावं म्हणून! मी कसला घेतोय. गाणं तीनदा वेगवेगळ्या जागेपासून काढायचं आणि धड तुकडे जोडायचे. हेडफोनचा डावा कान मेलाय, म्हणून उलटसुलट घालून दोनदा ऐकतो.

दुसऱ्या कडव्यात ती जराशी अडखळते, मग स्वतःशीच हसल्यासारखी पुढे जाते. माझा जीव तिथेच अडकतो. तिला मनातलं कधी धड सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं, पण भांडताना.

गुरुवार, ७
त्या दोन सेकंदांत काही नसतं. पडद्यावरची रेघ सपाट असते. आज भर दुपारी त्या सपाट रेघेत श्वास ऐकला. ओढून घेतलेला, शिट्टीसारखा. तिला दमा होता.

फोनवर लावून बघितलं. तिथेही. आणि पुढच्या दोन सेकंदांच्या खंडात तोच श्वास नाही, त्याच्या पुढचा.

इथे तरी खरं लिहू दे. मूळ रेकॉर्डिंग साडेतीन मिनिटांचं नव्हतं. एकवीस मिनिटांचं होतं. गाण्यानंतरचं मी न ऐकता पुसून टाकलं.

शुक्रवार, ८
काकूंचा फोन. जेवतोस ना वेळेवर, म्हणाल्या. तू शेवटपर्यंत तिच्याजवळ होतास, तेवढाच मला आधार आहे रे, म्हणाल्या. मी हो म्हणालो. पुन्हा.

जवळ नव्हतो. त्या दिवशी तिने सांगितलं, परगावी नोकरी लागली, हे आपलं शेवटचं गाणं. माझं डोकंच फिरलं. कपाटाचं दार आपोआप उघडायचं म्हणून बाहेरून कडी घालायचो. तशी घातली, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि सरळ चहाला निघून गेलो. ती आत गात होती. तिचा दम्याचा पंप बाहेर, पिशवीत.

शनिवार, ९
आता थापा. रजईवर पडलेल्या, बद्द. मग माझं नाव, अर्धंच.

सॉफ्टवेअर काढून टाकलं. जोडलेले धड तुकडे लावले. खंड आहेतच. लांबलेत.

काकूंना सांगायला फोन हातात घेतला. ठेवला.

संध्याकाळी नवा आवाज. जिना चढणारी पावलं. ओळखली. माझीच.

रविवार, १०, सकाळ
अकराला काकू येतील. बाई बाजारात गेल्यात. कपाटात बसलोय, इथेच नीट ऐकू येतं. मोबाइलच्या उजेडात लिहितोय.

पावलं दारापाशी थांबली. थाप. थाप—

मी परत आलो होतो. थापा ऐकल्या होत्या. स्वतःलासुद्धा सांगत आलो, येताक्षणी उघडलं. नाही उघडलं. कडीवर हात ठेवून उभा राहिलो. म्हटलं, बसू दे जरा, कळू दे हिला— मग थापा थांबल्या, तरी मी—

गाणं संपलं. हेडफोन काढला.

बाहेर कडी सरकली.

कडी तर मी सोमवारीच फेकून—

दार हलत नाही. ठोकतोय. रजया आवाज गिळतात.

शिट्टी वाजतेय. माझ्या छातीत. मला कधी दमा नव्ह—

बाहेर उभी आहे. जात नाही. हात कडीवर आहे, मला माहीत आहे, मी पण असाच

काकूंना सांगतो, आज, सगळं. उघड ना गं. सांगतो, मीच त्या दिवशी