ळच्या जागी

६ ऑक्टो., गुरु.
परवा खंडेनवमी. सुट्टी असूनही सकाळी शाळेत गेलो, ऑफिसातल्या कॉम्प्युटरची पूजा केली. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, अक्षता. आंब्याच्या पानाने पाणी शिंपडलं. मंत्र लांबला तसं पाणीही वाढलं. जाळीतून आत गेलं असणार. आज बटण दाबलं तर ठिणगी, जळका वास, पडदा काळा.
आत दाखल-खारिज रजिस्टर आहे. या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी शाळेत चाळीस वर्षांत आलेल्या-गेलेल्या मुलांची नावं. कागदी रजिस्टर वाळवीने खाल्लं. त्याआधी दोन उन्हाळे बसून मीच सगळं टाईप केलं होतं. दुसरी प्रत नाही. आता आमची शाळा शेजारच्या हिंदी शाळेत मिळवताहेत, दिवाळीआधी जिल्हा कार्यालयाला यादी द्यायची आहे.

७, शुक्र.
मिश्राजी हिंदी शाळेचे प्राचार्य, आता दोन्हींचे. म्हणाले, "लाइट का झटका लगा होगा." मी हो म्हणून मान हलवली.
संध्याकाळी मारुतीला गेलो. लवकर परतलो.

८, शनि.
मिश्राजींना खरं सांगितलं, पाणी मी टाकलं. ते हसत सुटले. "गुरुजी, अगले साल इसको नहला ही देना." त्यांचा राग आला नाही. किळस आली, कालच्या हललेल्या मानेची.
हार्डडिस्क सिंधीपुऱ्यातल्या दुकानात दिली, दीपककडे. म्हणाला, "भगवान पे छोड़ दो, सर." म्हटलं, भगवंतावर सोडूनच इथवर आलोय.

१२, बुध.
दीपकचा फोन, फाइल मिळाली. धावत गेलो.
जुना मराठी फॉन्ट, त्यामुळे आधी नुसती चिन्हं दिसत होती म्हणे. त्याने ती हिंदी फॉन्टात फिरवली. "जगह-जगह डिब्बे आ रहे थे सर, सब में ल भर दिया. एकदम साफ."
डबे म्हणजे ळ. त्याच्या हिंदी सॉफ्टवेअरला ळ ओळखू येत नाही, त्या जागी चौकोन येतो. चौकोन होते तोवर ळ कुठे होता ते तरी कळत होतं. विचारलं, डब्यांची फाइल?
"वो तो उड़ा दी. और डिस्क अब दोबारा नहीं उठेगी."
वर त्याने चहा मागवला. माझ्याच्याने प्याला गेला नाही.

१३, गुरु.
यादी वाचतोय. काळे झाले काले. माळी, माली. बाळू भोळे, बालू भोले.
सौ. म्हणते, "तुम्हाला माहीत आहेत तेवढी तरी करा नीट." केली. पण बाकीची मुलं मी येण्याआधीची. हा गोपाल आपला गोपाळ की खरंच गोपाल? इथे दोन्ही असतात. अंदाजाने नाव ठेवायला मी कोण त्यांचा.
वीट आला, माझाच. दीपकचा नाही. तो बिचारा साफसफाई करत होता.

१७, सोम.
उखा कोळी आला, हातात मुलीचा दाखला. मिश्राजींच्या ऑफिसने शनिवारीच दीपकच्या न सुधारलेल्या फाइलवरून काढून दिला, मला न विचारता.
"गुर्जी, आमी कवा कोली झालो? पोरीच्या बाकी समद्या कागदावर कोळी हाये. उद्या म्हनतील, ही पोर दुसऱ्याची."
मिश्राजी म्हणाले, "अरे भाई, बोलने में क्या फरक है?"
उखा म्हणाला, "मंग सायेब, बोलून दाखवा."
"कोली."
उखा माझ्याकडे बघून हसला. मला हसू आलं नाही. तिचा दाखला हाताने दुरुस्त केला, शिक्का मारून दिला. बाकीचे कोण येणार सांगायला.

१९, बुध.
मिश्राजींनी यादीवर एक कागद ठेवला. 'मूल अभिलेख से मिलान किया, सही पाया गया.' म्हणजे मूळ रजिस्टरशी ताडून पाहिलं, बरोबर निघालं. खाली माझ्या सहीची जागा.
कुठला अभिलेख? वाळवीच्या पोटातला?
"सब ऐसे ही भेज रहे हैं, गुरुजी. नहीं तो ऊपर वाले पूछेंगे, कंप्यूटर जला कैसे." अगदी शांतपणे म्हणाले, चष्मा पुसत. त्या दिवशी हसले ते हसणं नव्हतं तर. माझी कबुली जपून ठेवली होती.
पेन हातात घेतलंही होतं. सहीची दोन अक्षरं लिहायची राहिली, तेवढ्यात घंटा झाली म्हणून उठलो. घंटा नसती झाली तर...

२०, गुरु.
शनवाऱ्याच्या वाटेने पायी तापीच्या काठी गेलो. जपात देवाचं नाव येईना, मुलांचीच येत राहिली.
सौ.ला सांगितलं, उद्या जिल्हा कार्यालयात जाऊन खरं लिहून देणार. "नोकरीवर येईल का हो?" म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "डबा देते, उशीर होईल तिथे."

२१, शुक्र.
यादी आणि मिश्राजींचा तो कागद घेऊन जिल्हा कार्यालयात स्वतः गेलो. छापील ओळ खोडली. खाली लिहिलं: 'मूळ रजिस्टर नाही. कॉम्प्युटर माझ्या हातून बिघडला. नावांत ल आणि ळ यांचा घोळ आहे. घरोघर विचारून दुरुस्त करायला मुदत हवी.'
बाबू म्हणाला, "मराठी में? कौन पढ़ेगा?"
तिथेच उभा राहून हिंदीतही लिहिलं. सही केली, यादीखाली नाही, या ओळींखाली. पावती घेतली.