वरचा भाग धाकट्याचा

प्रिय आई,

थोरल्याचा नमस्कार. मी खुशाल आहे, खोकलाही गेला. तुझे गुडघे कसे आहेत? प्रार्थना खुर्चीत बसूनच करत जा.

रोझरीची जपमाळ पवित्र शास्त्रात नाही असं धाकटा म्हणाला आणि तेव्हापासून तू एकटीच रोझरी म्हणतेस, असं ताईने कळवलं. मला घास गोड लागेना.

माझ्या खोलीतला सुतार धाकट्यासारखाच, शास्त्राबाहेर पाऊल न टाकणारा. त्याने माझ्याकडून रोझरीतली 'नमो मारिया' ही प्रार्थना कागदावर लिहून घेतली, लूकचं शुभवर्तमान उघडून ताडून पाहिली आणि कानावरची पेन्सिल काढून मधोमध रेघ मारली.

"दादा, रेघेच्या वरचं देवदूत नि अलीशिबा मारियेला म्हणाले ते. शास्त्रातलंच. खालची 'आमच्यासाठी विनंती कर' ही मारियेला विनवणी तेवढी तुमची."

"माझी कसली, माझ्या आईची."

तो हसला. "मग ती खोडायची माझी छाती नाही."

आई, एकाने वरचा भाग म्हणायचा आणि इतरांनी खालचा, ही आपली रीतच आहे. वरचा धाकट्याला दे. त्यात त्याला शास्त्राबाहेरचं काही म्हणावं लागणार नाही. खालचा तू म्हण. त्यात 'आम्हा पाप्यांसाठी' आहे, म्हणजे त्याच्यासाठीही आणि माझ्यासाठीही.

कागद सोबत ठेवलाय. रेघ पुसू नकोस.

तुझ्या आशीर्वादात असलेला,
थोरला