उलटा खंदक

४ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची! सामान अजून खोक्यांत आहे, चहाचं भांडं सापडत नाही, पण डायरी सापडली. आजपासून मी गढीची अधिकृत गाइड. गणवेशाचा कोट माझ्यासारख्या दोघींना पुरेल इतका ऐसपैस आहे. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, आतून स्वेटर घालता येईल. बाईंकडे प्रत्येक तक्रारीवर असं उत्तर तयार असतं.

गढी रस्त्याकडे तोंड करून उभी आहे आणि तिच्यामागे बाग. बाग कसली, नजर पोचेपर्यंत हिरवळ, घेरदार जुनी झाडं, मधोमध तळं. आत जायला वाट एकच, गढीच्या मागच्या दारातून. मला राहायला मिळालेलं घर बागेपलीकडच्या कुरणात आहे. दोन खोल्या, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाग दिसते. शनिवारी बाबा कायमचे राहायला येतायत. आई गेल्यापासून ते नुसते बसून असतात. इथे चार पावलं चालतील, माणसांत येतील.

७ तारीख, गुरुवार

बाईंनी आज आसपासच्या दोन गढ्या बघायला पाठवलं, शिकून ये म्हणाल्या. दोन्हीकडे बागेला कुंपणच नाही! दिवाणखान्यातून पाहिलं तर हिरवळ सरळ कुरणात मिसळलेली दिसते. गुरं आता आत येऊन गालिच्यावर बसतील असं वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की मधे खोल खंदक आहे. कुरणाच्या बाजूने उतार, बागेच्या बाजूने सरळ दगडी भिंत. गाय उतरून खाली येते, पण भिंत चढून बागेत येणार कशी? मालक लोक डोकेबाज खरे.

आमच्या बागेभोवतीही खंदक आहे, म्हणून परतल्यावर मुद्दाम जाऊन पाहिला. तो उलटा आहे. उतार बागेच्या बाजूने, आणि भिंत कुरणाच्या बाजूने, दोन पुरुष उंच. म्हणजे अडणार तो बाहेरून येणारा नाही, आतून बाहेर पडणारा. माळीकाकांना विचारलं तर हसले. गवंड्याने नकाशा उलटा धरला असेल, म्हणाले. हा विनोद पाहुण्यांना सांगायला छान आहे.

१० तारीख, रविवार

बाबा काल आले. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, टॅक्सीत मागे बसूनही दर वळणावर पायाने ब्रेक दाबत होता. आज दुपारी बागेत फिरून आले आणि जेवताना चक्क दुसऱ्यांदा भात मागितला. मला इतकं बरं वाटलं की उगाचच मोरीत जाऊन रडले.

१४ तारीख, गुरुवार

बाबांना बागेत कुणीतरी सोबती मिळालाय. रोज मागून चालत येतो म्हणे. कोण, कुठला, काही विचारलेलं नाही. बाबा हसत सांगत होते, “मी बाजूला होऊन साइड देतो, तर हा पठ्ठ्या ओव्हरटेकच करत नाही!” दिसायला कसे आहेत, असं मी विचारलं. बाबा घास हातात धरून थांबले. मग म्हणाले, चेहरा काही आठवत नाही बुवा.

मात्र घरी यायला त्यांना गढीतून रस्त्यावर आणि रस्त्याने पार वळसा घालून यावं लागतं. गुडघे बोलतात. मी बाईंना सुचवलं की आमच्या घरासमोर खंदकाचा एक तुकडा बुजवून वाट केली तर? कुरणात गाड्या लावणाऱ्या पाहुण्यांचीही सोय होईल. बाई लगेच तयार झाल्या.

२१ तारीख, गुरुवार

वाट झाली. भराव टाकून वर हिरवळीचे तयार पट्टे अंथरले. आता बागेपासून आमच्या पायरीपर्यंत गवत सलग आहे. बाबा बागेतून सरळ घरी आले. सोबतीही भरावापर्यंत आला होता म्हणे, मग तिथे नुसता उभा राहिला.

स्वयंपाकघरातून मी बाबांना येताना पाहिलं होतं. एकटेच होते.

२३ तारीख, शनिवार

सकाळी दवात पावलांच्या खुणा दिसल्या. बागेतून निघून, भरावावरून, आमच्या खिडकीपर्यंत. उलट जाणाऱ्या नाहीत.

खिडकीखालचं गवत माणसाएवढ्या लांबीचं चेपलेलं होतं. हात लावला. जागा अजून गार होती. दवाने असतो तसा गारवा नव्हे, दगड पालथा केल्यावर खाली असतो तसा.

बाबा जेवत नाहीत. मान सारखी मागे वळते. साइड देतोय, म्हणतात.

२४ तारीख, रविवार

माळीकाकांना खिडकीखालचं चेपलेलं गवत दाखवलं, दवातल्या खुणांचंही सांगितलं. आज हसले नाहीत. बोलता बोलता त्यांचं लक्ष माझ्या खांद्यावरून मागे गेलं. मी वळले. मागे कुणी नव्हतं. फक्त गवत हळूहळू सरळ होत होतं, पाय उचलल्यावर होतं तसं.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, इतक्या खर्चाने केलेली वाट खुणांसाठी कोण तोडतं? काकांनी फोन माझ्या हातातून घेतला, नोकरी गेली तरी चालेल म्हणाले आणि ठेवून दिला.

उद्या आम्ही दोघं खणणार.

२५ तारीख, सोमवार, दुपार

खणलं, पहाटेपासून. भराव अजून भुसभुशीतच होता. गढीला आज सुट्टी, कुणी अडवायला नव्हतं. हात सोलवटलेत, लिहिताना झोंबतंय. काका बागेच्या बाजूने, मी कुरणाच्या बाजूने. शेवटी मधे एक माणूस जाईल इतकीच पट्टी उरली तेव्हा बघते तर पायरीवर बसवलेले बाबा जागेवर नाहीत.

काका तळ्याच्या बाजूला शोधायला पळाले, मी झाडांकडे धावले. ते झाडांखाली उभे होते, पाठमोरे, अंगात बाबांचा रोजचा तपकिरी स्वेटर. हाका मारल्या, वळले नाहीत. हात धरला आणि अक्षरशः ओढत पट्टीवरून अलीकडे आणलं. मग मी एकटीनेच ती पट्टीही तोडली.

संपलं. खंदक पुन्हा सलग झाला. बागेतलं बागेत.

बाबांना पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवलंय. बोलत नाहीत. हात फार गार लागला, चहा ठेवते. काका अजून पलीकडेच शोधतायत, बाबा सापडल्याची माझी हाक त्यांच्यापर्यंत पोचली नाही; गढीतून रस्त्याने येतीलच.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

दार वाजलं. काका असतील म्हणून उठले. तर बाबांचा आवाज.

बाहेरून.

“बबडे, दार उघड गं. किती वेळ वाजवतोय!”

बबडे मला बाबाच म्हणतात. दुसरं कुणीही —

पाठोपाठ काकांचा आवाज. ताई, घाबरू नका, बाबा सापडले. तळ्याकाठच्या बाकावर गाढ झोपले होते. रस्त्याने घेऊन आलो.

दोघं बाहेर आहेत. माळीकाका आणि बाबा. बाबा खोकतायत.

मग आत —

मी चेहरा पाहिलाच नाही. आठवून पाहतेय. झाडांखाली पाठमोरे. पट्टीवर मी पुढे, हात मागे. खुर्चीत बसवलं तेव्हा मान खाली. एकदाही नाही.

मीच आणलं. हाताला धरून.

स्वयंपाकघरात आहे. खिडकीला गज आहेत. दार पुढच्या खोलीत, खुर्चीच्या पलीकडे. लिहितेय कारण हात थांबले तर किंचाळेन, आणि किंचाळले तर बाबा दार फोडून आत येतील. आत यायला नको त्यांनी. ओरडून सांगायला हवं, काका, त्यांना घेऊन लांब जा —

सांगितलं. काका विचारतायत काय झालं. बाबा दारावर धक्के मारतायत. जात नाहीत. बाबा, जा ना.

खुर्ची करकरली.

चहा उकळून गेला. गॅस बंद केला. सगळं शांत. फरशीवर ओलं काहीतरी टेकल्याचा आवाज, मग पुन्हा. सावकाश. घाई नाही.

माझ्या मागे येऊन थांबलंय. पुढे येत नाही. मी बाजूला सरकले, तर तेही